पडदे लावलेली खिडकी

एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील आणि कादंबरीचं नाव गाळून त्याचा सारांश देते. तिचं वय ३१. पाच वर्षांपूर्वी, आपल्याला मुली आवडतात हे कुणापाशीच बोलता येत नव्हतं त्या दिवसांत, दोन तरुणींच्या प्रेमाची एक कादंबरी तिच्या हाती आली. शेवटच्या पानावर त्या दोघी भाड्याच्या खोलीत राहायला येतात. सामान अजून खोक्यांत आहे, खिडकीला पडदे नाहीत, आणि तरीही त्या दिवा लावतात. हे पान तिने इतक्यांदा वाचलं की पुस्तक आता आपसूक तिथेच उघडतं. पुढे जिच्यासोबत ती राहू लागली, तिलाही तिने ही कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली. आता दुसरा भाग आला आहे. त्यात त्या दोघी वेगळ्या होतात, असं तिच्या कानावर आलं. तिच्या जोडीदाराने तो दोन रात्रींत संपवला, काही पानांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि “तू वाच, मग बोलू” म्हणून पुस्तक हिच्या उशाशी ठेवलं. त्याला तीन महिने झाले. हिने एकदाच पहिलं पान उघडलं. पहिल्याच परिच्छेदात खिडकीला पडदे होते आणि ते ओढलेले होते. तिने पुस्तक मिटलं. ती विचारते, “ताई, वाचलं तर पहिलं पुस्तकही हातचं जाईल असं वाटतं. नाही वाचलं तर पळपुटेपणा वाटतो. त्या दोघींचंच टिकलं नाही, तर आमचं काय टिकणार? आणि लेखिकेने आमच्याशी असं का वागावं? आमच्या वाट्याला सुखाच्या गोष्टी आहेत तरी किती?”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मोह झाला, की दुसरा भाग मिळवावा, एका बैठकीत वाचून काढावा आणि तुला सरळ कळवावं, वाच किंवा वाचू नकोस. मग पत्र पुन्हा वाचलं आणि तो बेत सोडला. पुस्तकात काय होतं हे सांगू शकणारं माणूस तुझ्याच घरात आहे, आणि तीन महिने तू तिला ते विचारलेलं नाहीस. म्हणून मी तो भाग न वाचताच लिहिते आहे. तुझी अडचण त्या पुस्तकात फार थोडी आहे, असं मला वाटतं.

आधी तुझ्या भीतीबद्दल. “एका कादंबरीचा एवढा काय बाऊ,” असं पत्रात तूच दोनदा लिहिलं आहेस. तसं लिहू नकोस. ज्यांना स्वतःसारख्या माणसांच्या प्रेमकथा लहानपणापासून ढिगाने मिळाल्या, त्यांचं पुस्तकातलं आवडतं जोडपं तुटलं तर ते हळहळतात आणि दुसरं पुस्तक उचलतात. तुझ्यापाशी त्या वयात एकच होतं. एकुलती एक गोष्ट माणूस जपूनच हाताळतो.

शिवाय या भीतीला इतिहास आहे. १९५२ साली अमेरिकेत दोन मुलींच्या प्रेमाची ‘स्प्रिंग फायर’ नावाची एक स्वस्त आवृत्तीची कादंबरी निघाली. लेखिका मॅरिजेन मीकर, पण पुस्तकावर नाव व्हिन पॅकर. संपादकाने तिला आधीच बजावलं होतं, की शेवट सुखाचा नको, नाहीतर टपाल खातं पुस्तकं जप्त करेल. त्यामुळे शेवटी एकजण वेड्यांच्या इस्पितळात जाते आणि दुसरीला उमगतं की आपलं तिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेने टोपणनावाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ छापली. तिच्यात कुणी मरत नाही, कुणाला वेड लागत नाही. शेवटच्या ओळींत एक दुसरीच्या दिशेने चालत जाते, बस. एवढ्यासाठी वाचकांची आभाराची पत्रं महिनोन्‌महिने येत राहिली. तरीही ती कादंबरी स्वतःच्या नावाने काढायला लेखिकेला १९९० साल उजाडलं.

म्हणजे दुःखाचा शेवट ही कित्येक वर्षं लेखकाची निवड नव्हतीच, ती छापण्याची अट होती. त्या अटीची सावली आजही आपल्यासारख्यांच्या वाचनावर पडते. ‘वेगळ्या होतात’ हे शब्द तुला नुसते वेगळं होणं म्हणून ऐकूच आले नाहीत, शिक्षा म्हणून ऐकू आले. तुझ्या जागी मीही तसंच ऐकलं असतं.

पण ती शिक्षाच आहे का, हे ठरवण्याआधी एक गोष्ट विचारावी लागेल: त्या वेगळ्या होतात त्या कशापायी? दोन बायकांनी प्रेम केलं म्हणून कथेने त्यांना मोडलं असेल, तर ती जुनीच गोष्ट नव्या वेष्टनात आली आहे, आणि तुझा राग रास्त आहे. पण एकीला दुसऱ्या गावी काम मिळालं, दुसरी मनातलं बोलली नाही, कुणाच्या आईचं आजारपण आलं, कुणाला मूल हवं आणि कुणाला नको, अशा कारणाने त्या दुरावल्या असतील तर मला त्यात अपमान दिसत नाही. प्रेमकथेला अडथळा लागतोच. पहिल्या भागात तो दाराबाहेर उभा असतो: घरचे, शेजारी, स्वतःची लाज. तो एकदा ओलांडला की दुसऱ्या भागात लेखिकेला तोच पुन्हा उभा करता येत नाही. तिला दार उघडून आत यावं लागतं. आणि आत काय असतं? उशिरा येणं, न बोलणं, थकवा, पैसे, मत्सर. ‘आपल्याला कुणी पाहील’ या धास्तीतून सुटून ‘तू माझं ऐकतच नाहीस’ या भांडणापर्यंत त्या दोघी आल्या असतील, तर त्या बऱ्याच पुढे आल्या आहेत.

म्हणूनच त्याच जोडप्याचा पुढचा भाग लिहिणं अवघड असतं. रोमान्स कादंबऱ्यांच्या मालिकांमध्ये सहसा दुसरं पुस्तक पहिल्या जोडप्याच्या बहिणीचं नाहीतर मित्राचं असतं. पहिली जोडी दोन प्रसंगांपुरती येते, हसते, आणि वाचक निर्धास्त होतो. तुझ्या लेखिकेने सोपी वाट घेतली नाही. ते तिला साधलं की नाही, मला माहीत नाही. पण ‘आमच्याशी असं का वागावं’ या तुझ्या प्रश्नात तिने ते तुम्हाला दुखवायला लिहिलं असं तू धरून चालली आहेस, आणि ते मला पटत नाही. ज्या बाईने तो बिनपडद्याच्या खोलीतला दिवा लिहिला, तिला त्या दोघींची माया तुझ्याइतकीच असणार.

आता त्या पडद्यांविषयी. पत्राचा हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ वाचत बसले. पहिल्या पुस्तकात खिडकीला पडदे नव्हते, म्हणजे त्या लपत नव्हत्या. तू तसं वाचलंस आणि बरोबर वाचलंस. दुसऱ्यात पडदे ओढलेले दिसले आणि तुला वाटलं, त्या पुन्हा लपल्या. असेलही. पण पाच वर्षांनंतर बिनपडद्याचं घर कुठलं राहतं? खिडकीचं माप घ्यावं लागतं, कापड निवडावं लागतं, रंगावरून दोघींचं वाजलंही असेल. सोडून जायच्या खोलीला माणूस पडदे शिवत नाही. कदाचित त्या पडद्यांमागे दोघींपैकी कुणी रात्रपाळी करून झोपली असेल. तू पहिल्याच परिच्छेदाला थांबलीस, त्यामुळे त्या पडद्यांचा अर्थ अजून लेखिकेने सांगितलेला नाही. आत्ता आहे तो तुझा आहे.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या पुस्तकाबद्दल आहे. रोमान्स वाचणारे दोन शेवटांत फरक करतात: ‘हॅपिली एव्हर आफ्टर’, म्हणजे आता कायमचं सुख, आणि ‘हॅपी फॉर नाऊ’, म्हणजे आजच्यापुरतं सुख, पुढचं पुढे. तुझ्या लाडक्या पानावर सामान खोक्यांत आहे. एकही खोकं उघडलेलं नाही. दोघींना अजून माहीत नाही कुणाची वस्तू कुठल्या फडताळात जाणार आहे. लेखिकेने तिथे ‘कायम’ असं कुठेच म्हटलेलं नाही. ते तू म्हटलंस, कारण त्या वर्षी तुला त्या शब्दाची गरज होती. यात चुकीचं काही नाही. पण दुसऱ्या भागाने वचन मोडलं असं म्हणताना ते वचन कुणी दिलं होतं, हे एकदा पाहा.

पहिलं पुस्तक हातचं जाईल का? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारापाशी सापडतं. त्याने दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि हयातीत छापली नाही. १९७० मध्ये तो गेला, १९७१ मध्ये पुस्तक आलं. शेवट सुखाचाच हवा, त्याशिवाय लिहिलंच नसतं, असं त्याने पुस्तकाच्या अखेरच्या टिपेत म्हटलं आहे. दोघं एकमेकांचे होतात आणि समाजाबाहेर, रानाकडे निघून जातात. पण ‘पुढे काय’ हा प्रश्न त्यालाही सुटला नव्हता. त्याने एक उपसंहार लिहिला होता: काही वर्षांनी मॉरिसच्या बहिणीला, किटीला, दोन लाकूडतोडे भेटतात. ज्यांनी ज्यांनी तो वाचला, त्यांना तो आवडला नाही. फॉर्स्टरने तो काढून टाकला. एक कारण त्यानेच दिलं आहे: कादंबरीचा काळ साधारण १९१२ चा. ‘काही वर्षांनी’ म्हटलं की पहिलं महायुद्ध येणार, आणि तो इंग्लंड पूर्ण बदललेला असणार.

ही टीप मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मांडीवर मिटून बराच वेळ बसले होते. दोन तरुण पुरुष, साल १९१२, इंग्लंड. दोन वर्षांनी त्यांचं काय होणार हे आपल्याला इतिहासातून माहीत आहे. फॉर्स्टरलाही ते पुढे कळलं. तरी त्याने त्यांना रानाच्या तोंडाशीच ठेवलं आणि पान तिथेच संपवलं. त्या पानावर ते दोघं आजही सुखात आहेत. उपसंहार लिहून झाला होता, लोकांनी वाचला होता, तरी त्या शेवटाला धक्का लागला नाही. तुझ्याही पुस्तकातला दिवा विझवायला दुसऱ्या पुस्तकाचा हात पोचणार नाही. फार तर तू तो दिवा वेगळ्या नजरेने पाहशील, आणि तसं तू एरवीही पाहणारच होतीस, कारण २६ व्या वर्षीची तू आता ३१ ची झाली आहेस.

फॉर्स्टरवरून दुसरंही घे. शेवट झाल्यावर थांबायचा हक्क लेखकाला आहे, तसा वाचकालाही आहे. न वाचणं हा पळपुटेपणा नाही. पुढचा भाग न वाचणारी पुष्कळ चांगली वाचक माणसं मी पाहिली आहेत. क्विअर, म्हणजे आपल्यासारख्या समलिंगी किंवा चाकोरीबाहेरच्या, लेखिकेचं पुस्तक आहे, आपण वाचलंच पाहिजे, नाहीतर आपल्याच माणसांशी बेइमानी होते, असंही तू ओझरतं लिहिलं आहेस. ते ओझं उतरव. पुस्तक विकत घेऊन झालं आहे, लेखिकेला तिचं मिळालं आहे. पण एक गोष्ट मात्र करू नकोस, जी तू तीन महिने करते आहेस: उशाशी ठेवून न वाचणं. रोज रात्री दिवा मालवताना ते पुस्तक तुला दिसतं आणि तिलाही दिसतं. नाही वाचायचं ठरलं तर तिला तसं सांग आणि पुस्तक कपाटात ठेव.

आणि समजा वाचलंस आणि दुसरा भाग खरंच वाईट निघाला, तर? तेही होतं. अ‍ॅन बॅनन या अमेरिकन लेखिकेने १९५७ ते १९६२ या काळात लेस्बियन बायकांवर पाच कादंबऱ्या लिहिल्या, बऱ्याचशा न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज वस्तीत घडणाऱ्या. त्यांतली १९५९ ची ‘विमेन इन द शॅडोज’ अतिशय काळोखी आहे; दोन आवडत्या पात्रांचं नातं तिच्यात अक्षरशः कुजतं. त्या काळात लेखिका स्वतःच्या संसारात कोंडमारा सोसत होती. आपलं कोसळणं आपल्याऐवजी आपल्या बीबो या पात्राने सोसलं, अशा अर्थाचं ती पुढे बोलली आहे. पण मालिका तिथे थांबली नाही. आणखी दोन पुस्तकं आली, आणि शेवटचं तर मागे जाऊन तरुण बीबो शहरात पहिल्यांदा पाऊल टाकते ते सांगतं. एक भाग त्या लेखिकेच्या एका वाईट वर्षाचा असू शकतो.

आता तुझा खरा प्रश्न. ‘त्या दोघींचंच टिकलं नाही, तर आमचं काय टिकणार?’ त्या दोघी तुमच्या नात्याला जामीन राहिलेल्या नाहीत. त्यांनी तुला धीर दिला हे खरं, पण खोली तू शोधलीस, घरी तू सांगितलंस, वाचून दाखवायला माणूस तू मिळवलंस. हे कुठल्याही लेखिकेने तुझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. तुझ्या चार पानी पत्रात पुस्तकाबद्दल साडेतीन पानं आहेत आणि तुमच्या दोघींबद्दल मधेच एक वाक्य आहे: “हल्ली ती उशिरा येते, आणि जेवताना आम्ही दोघी फोन बघत असतो.” या एका वाक्यावरून मी कसलाही निष्कर्ष काढत नाही. वर्षानुवर्षं सोबत राहणारी बहुतेक माणसं कधी ना कधी असं जेवतात. फक्त हे वाक्य तू पुस्तकाच्या पत्रात का लिहिलंस, ते स्वतःला विचार. आणि ती नुसतं ‘तू वाच’ म्हणाली नव्हती, ‘मग बोलू’ असंही म्हणाली होती. पहिल्या दोन शब्दांवर तू तीन महिने अडून बसलीस. नंतरच्या दोन शब्दांसाठी ती तीन महिने थांबली आहे.

तिला काय बोलायचं आहे, मला माहीत नाही. कदाचित काही गंभीर असेल. कदाचित एखादं वाक्य तिला इतकं आवडलं असेल की ते तुझ्या तोंडून ऐकायचं असेल, कारण पहिलं पुस्तकही तिने तुझ्याच आवाजात ऐकलं होतं.

वाचायचं ठरवलंस तर काही गोष्टी सांगते. असाच पुढचा भाग घेऊन अडलेल्या इतरांनाही त्या उपयोगी पडतील. कानावर आलेल्या अर्ध्या बातमीवर राहू नका, पूर्ण बातमी मागा. वाचलेल्या माणसाला विचारा: कुणी मरतं का, वेगळं होण्याचं कारण काय, आणि शेवटच्या पानावर दार उघडं आहे की बंद? रोमान्स कादंबरीत बहुधा पाऊण पुस्तक झालं की ताटातूट येतेच. वाचक त्याला ‘थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप’ म्हणतात. तुम्ही ऐकलेलं ‘वेगळ्या होतात’ हे त्या वळणाचं आहे की शेवटाचं, हे कळल्याशिवाय घाबरायचं कशाला? स्पॉयलर घेतल्याने, म्हणजे पुढचं आधीच कळल्याने, पुस्तक उष्टं होत नाही. शेवटचं पान आधी वाचा, हवं तर. रोमान्सच्या वाचकाला शेवट साधारण ठाऊकच असतो. तो वाचतो ते तिथवर कसं पोचतात हे पाहायला. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘यात अमुक प्रसंग आहेत’ अशी सूचना पुष्कळ लेखक देतात, ती वगळू नका.

दुसरा भाग घेण्याआधी पहिला पुन्हा वाचावा असं सगळे सांगतात. तुझ्याबाबतीत मी नको म्हणेन. दिवा ताजा असताना पडदे जास्तच खुपतील. त्याऐवजी मधे दुसऱ्या कुणाच्या तरी दोन-तीन क्विअर प्रेमकथा वाच, हलक्याफुलक्या चालतील. एकाच पुस्तकावर सगळा भार टाकला की त्याच्याकडून आपण फार मागतो. रात्री अंथरुणात वाचू नकोस, दिवसा वाच, आणि मधेच थांबायची मुभा आधीच घेऊन ठेव. जमलं तर पुन्हा मोठ्याने वाचा, या वेळी प्रकरणं वाटून घेऊन. तिने ते वाचलेलं आहे, म्हणजे अवघड प्रकरण येण्याआधी तुला सांगणारं कुणीतरी शेजारी असेल.

ज्यांना अशी सोबत नाही, किंवा असं पुस्तक घरात उघड ठेवता येत नाही, त्यांनी फोनवर ई-बुक किंवा ऑडिओबुक घ्यावं. पण वाचून झाल्यावर बोलायला एक तरी माणूस आधी हेरून ठेवावं, ऑनलाइन ओळखीचं असलं तरी चालेल. अशा पुस्तकानंतरची रात्र एकट्याने काढायला लांब वाटते. आणि शेवट अजिबात मानवला नाही, तर स्वतःचा लिहा. फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी, लिहिणारे हेच करत आले आहेत, आणि त्यांतले कित्येक पुढे स्वतःची पुस्तकं लिहू लागले.

तुझ्यासाठी मात्र याहून छोटी सुरुवात आहे. पहिलं पान सोड. ते पुस्तक हातात घे आणि पेन्सिलची पहिली खूण कुठे आहे ते शोध. तेवढं एक पान वाच, आणि ती उशिरा का होईना घरी आली की पान उघडं ठेवून तिला विचार, इथे रेघ का मारलीस. ती काय म्हणाली, हे मला कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई